कौतुक नको, निकाल छापा

शेजाऱ्यानें रास केली कीं आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतों? एकरीं उतारा किती पडला, हाच. सोयाबीन असो, ज्वारी असो कीं हरभरा असो, क्विंटलाचा आंकडा कानीं पडल्याशिवाय आपलें समाधान होत नाहीं. "पीक मोठ्या जिद्दीनें आलें हो, बघून डोळ्यांना पाणी आलें," असें कोणी सांगूं लागला तर गडी उतारा लपवितो आहे असें आपण तेव्हांच ताडूं. पण आपल्याकडील वर्तमानपत्रें अपंग खेळाडूची बातमी द्यायला बसलीं कीं नेमकें हेंच करतात. जिद्द येते, अश्रु येतात, नियतीवर मात येते, एक चांगलेंसें छायाचित्र येतें. उतारा तेवढा येत नाहीं.

सन २०२५ च्या नोव्हेंबरांत अशीच एक बातमी फार गाजली. जम्मूकडील किश्तवाड जिल्ह्यांत लोईधार नांवाचें गांव आहे. तेथील शीतल देवी ही मुलगी जन्मतःच दोन्ही हातांवांचून आहे. ती पायानें धनुष्य पेलते, खांद्यानें दोरी ताणते आणि जबड्याच्या जोरावर बाण सोडते. अपंगांच्या स्पर्धांत तिचें नांव झालेलेंच होतें. सन २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्यें राकेश कुमार यांच्या जोडीनें तिनें कांस्यपदक मिळविलें, आणि सन २०२५ मध्यें ग्वांगजू येथें ती अपंग तिरंदाजांत जगांत पहिली आली. परंतु नोव्हेंबरांतली गोष्ट निराळी होती. सोनिपत येथें धडधाकट मुलींच्या निवडचांचण्या झाल्या, त्यांत ती उतरली, आणि जेद्दा येथील आशिया चषकासाठीं भारताच्या कनिष्ठ संघांत तिची निवड झाली. कोणी सवलत दिली म्हणून नव्हे, राखीव जागा होती म्हणूनहि नव्हे. तिचे बाण ठिकाणावर लागले म्हणून.

आतां तो निकाल नीट वाचा. पहिली आली महाराष्ट्राची तेजल साळवे, १५.७५ गुण. दुसरी वैदेही जाधव, तीहि महाराष्ट्राचीच, १५ गुण. तिसरी शीतल देवी, ११.७५. चौथ्या जागीं राहिलेली मुलगी पुन्हां महाराष्ट्राचीच, ११.५ गुणांवर. म्हणजे संघांत जाणें आणि घरीं परतणें यांच्यामध्यें पाव गुणाचें अंतर होतें. त्याआधींच्या पात्रता फेरींत शीतलनें ३५२ आणि ३५१ मिळून ७०३ गुण केले होते, आणि पुढें पहिल्या आलेल्या तेजलची बेरीजहि बरोबर तेवढीच होती. ज्याला तिरंदाजींतलें ओ कीं ठो कळत नाहीं त्यालाहि एवढ्या आंकड्यांवरून समजेल कीं सामना किती अटीतटीचा झाला असेल.

हे आंकडे वृत्तसंस्थांनीं पुरविले होते. कित्येक पत्रांनीं ते छापलेहि. पण कोठें? मजकुराच्या तळाशीं, जेथवर वाचकाचा डोळा क्वचित् जातो. मथळ्यांत होते ते हात. तेहि नसलेले हात. आपल्या महाराष्ट्राच्या दोन मुली तिच्या पुढें आल्या हें मराठी वाचकालासुद्धां शोधून काढावें लागलें. ती तिसरी आली असें ठळक अक्षरांत लिहिलें तर तिची किंमत कमी होते अशी या लेखणीबहाद्दरांची समजूत दिसते. वास्तविक तिसरी म्हणजे दोघींच्या मागें आणि बाकी साऱ्या मैदानाच्या पुढें. त्या दोघींनीं तिला मागें टाकलें हें जो झांकून ठेवतो तो तिचें तिसरेपण हिरावून घेतो, आणि तिला मैदानांतून उचलून देव्हाऱ्यांत नेऊन बसवितो. देव्हाऱ्यांतल्या मूर्तीशीं कोणी जोड धरीत नाहीं. ज्या मुलीनें एवढी खटपट करून बरोबरीच्या मैदानांत पाय ठेवला, तिला पुन्हां बरोबरीच्या बाहेर घालविण्याचा हा गोड मार्ग आहे.

आणि ती चौथी मुलगी? तिच्याविषयीं कोण लिहिणार? हात नसलेल्या मुलीकडून ही हरली, अशी कुजबुज तिच्यामागें लागली असेल तर तो तिच्यावर उघड अन्याय आहे. ती एका उत्तम तिरंदाजाकडून पाव गुणानें हरली. एवढें वाक्य जाड ठशांत छापलें असतें तर दोघींचाहि मान राहिला असता.

कोणी म्हणेल, मथळ्याच्या शब्दांवरून एवढी हुज्जत कशाला? मथळ्यानें कोणाची भाकरी अडते? त्याला आमचें सांगणें असें कीं मथळ्यावरून घरांतलें व शाळेंतलें वागणें ठरतें. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत कळंबपासून उमरग्यापर्यंत आणि परंड्यापासून लोहाऱ्यापर्यंत फिरून या. मळणीयंत्रांत हात गेलेला, कडबाकुट्टींत बोटें तुटलेलीं, विजेच्या तारेला चिकटून भाजलेला, उसाच्या ट्रॉलीखालीं पाय सांपडलेला असा माणूस नाहीं असें गांव सांपडणें कठीण. मागच्या पिढींत पोलिओनें पाय वाळलेले पुष्कळ होते. सन २०१४ मध्यें भारत पोलिओमुक्त ठरला व ती पीडा सरली; पण यंत्र आणि तार आतां प्रत्येक शिवारांत आहे. अपंगपणा हा आपल्या कष्टकरी घरांना धंद्याबरोबर आलेला आहे. शहरांतल्या बंगलेवाल्याला तो गोष्टींत वाचायला मिळतो, आपल्या घरीं तो माजघरांत बसलेला असतो.

अशा घरांतलें मूल शाळेंत जातें, खेळाचा तास येतो, आणि मास्तर म्हणतात, "तूं दप्तरें सांभाळ." मास्तर दुष्ट नसतात. पोरगें पडेल, लागेल, घरचे भांडायला येतील, ही धास्ती त्यांना असते. घरचींहि माणसें तेंच म्हणतात. चार वर्षें दप्तरें सांभाळल्यावर त्या पोरालाहि आपण दप्तरें सांभाळण्यापुरतेच आहोंत असें वाटूं लागतें. त्याच्या हातीं एक दिवस वर्तमानपत्र पडतें. त्यांत शीतल देवीचें छायाचित्र असतें, आणि खालीं लिहिलेलें असतें कीं ही कांहीं दैवी देणगीची मुलगी आहे. पोरगें पान उलटतें. दैवी देणगी आपल्यापाशीं नाहीं हें त्याला ठाऊक असतें. तेथेंच ती मुलगी रोज सराव किती करते, तिला शिकविणारे कोण, बाण किती अंतरावरून मारते, पहिल्यानें किती चुकत होती, हें छापलेलें असतें तर पोरगें निदान एक बेचकी तरी घेऊन परसांत गेलें असतें.

पूर्वीं आपल्याला शिकविलें गेलें कीं आंधळेपण-पांगळेपण हें मागल्या जन्मींच्या पापाचें फळ. ही थाप कोणीं पसरविली व तिच्यावर कोणाचीं पोटें भरलीं, हें या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगायला नको. गांवानें त्या थापेवर विश्वास ठेवला व माणसांचीं नांवें मोडून थोट्या, लंगड्या, बहिऱ्या करून टाकलीं. आतां वारा फिरला. सन २०१५ च्या अखेरीपासून सरकारदरबारीं 'दिव्यांग' हा शब्द आला. शिवीपेक्षां तो बरा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कालपर्यंत ज्याच्या अंगांत पाप होतें त्याच्या अंगांत आज दिव्यत्व शिरलें, आणि मधल्या मधें तो आपल्यासारखा घाम गाळणारा माणूस आहे ही गोष्ट सांगायची राहून गेली. नांव काय द्यायचें याचा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. आमची तक्रार निकालाच्या तक्त्याबद्दल आहे.

कारण निकाल नीट छापला म्हणजे काय होतें याचा दाखला आपल्यापुढें आहे. सन १९७१ च्या ऑगस्टांत लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतानें इंग्लंडांत पहिला कसोटी सामना जिंकला. कप्तान होते मुंबईचे अजित वाडेकर. इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला गेला, आणि तो गुंडाळणारे होते म्हैसूरकडचे भागवत चंद्रशेखर, ३८ धावांत ६ बळी. ज्या उजव्या हातानें त्यांनीं हे बळी घेतले तो हात लहानपणीं पोलिओनें वाळलेला होता. पुढेंमागें मिळून ५८ कसोट्यांत त्यांनीं २४२ बळी घेतले. जुन्या क्रिकेटवेड्या माणसाला आज विचारा, तो तुम्हांला 'अडतीसांत सहा' घडाघडा सांगेल. हात वाळलेला होता हें कित्येकांना आठवण करून द्यावें लागतें. असें कां झालें? त्या काळचे बातमीदार फार थोर मनाचे होते म्हणून नव्हे. क्रिकेटांत धावफलक असतो व तो रोज छापावाच लागतो म्हणून. मन्सूर अली खान पतौडी यांचेंहि तसेंच. सन १९६१ मध्यें मोटारीच्या अपघातांत त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली, त्याच वर्षाअखेर ते भारतातर्फे कसोटी खेळले, आणि पुढल्याच वर्षीं एकविसाव्या वर्षीं कप्तान झाले. त्यांच्या धावा मोजल्या गेल्या, त्यांच्या चुकांवर टीकाहि झाली, आणि सन १९७१ मध्यें त्यांची कप्तानी काढून वाडेकरांना दिली तेव्हां बिचाऱ्याचा एक डोळा गेलेला आहे म्हणून राहूं द्या, असें निवडणाऱ्यांनीं म्हटलें नाहीं. वाडेकर त्या जागेला लायक ठरले. खेळाडूला असेंच वागवायचें असतें.

आतां उलट बाजू पाहा. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे फौजेंतले मुष्टियोद्धे. सन १९६५ च्या लढाईंत गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. नंतर ते पोहूं लागले, आणि सन १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकलें. तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. धडधाकटांच्या ऑलिंपिकमध्यें भारताला पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक मिळालें तें सन २००८ मध्यें, अभिनव बिंद्रा यांचें. म्हणजे मधें छत्तीस वर्षें गेलीं. या छत्तीस वर्षांत आपल्या किती शाळांतून पेटकरांचें नांव उच्चारलें गेलें? त्यांना पद्मश्री मिळाली सन २०१८ मध्यें. घरोघरीं नांव पोंचलें तें सन २०२४ मध्यें, आणि तेंहि त्यांच्यावर एक हिंदी बोलपट निघाला तेव्हां. त्यानंतर अर्जुन पुरस्कारहि आला. बोलपटवाल्यांचे आभार मानावेत तितके थोडे. पण पन्नास वर्षें बातमीदार कोठें होते? सदतीस सेकंद आणि तेहतीस शतांश ही बातमी दीड ओळींत मावणारी होती.

सन २०१९ च्या ऑगस्टांत स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा झाली. त्या वेळीं धडधाकटांची आणि अपंगांची स्पर्धा एकाच शहरीं, एकाच सुमारास भरली होती. पी. व्ही. सिंधू यांनीं सुवर्णपदक जिंकलें, सर्व देशानें तोंडांत साखर घातली. योग्यच झालें. त्याच सुमारास, अपघातांत एक पाय गमावलेल्या मुंबईच्या मानसी जोशी यांनींहि तेथेंच सुवर्णपदक जिंकलें होतें. अपंगांच्या पथकानें एकूण १२ पदकें आणलीं. त्यांची आठवण देशाला झाली ती पथकांतल्या खेळाडूंनींच जाहीरपणें 'आम्हीहि आलों आहोंत' असें म्हटल्यावर. एकाच शहरांत गेलेल्या बातमीदारांना दुसऱ्या कोर्टाकडे मान वळवितां येऊं नये?

सन २०२४ च्या पॅरिसमध्यें भारताला ऑलिंपिकांत ६ पदकें मिळालीं व पॅरालिंपिकांत २९. तेथें भारताचा ध्वज ज्या दोघांच्या हातीं होता त्यांतल्या एक आपल्या मराठवाड्याच्या, नांदेड जिल्ह्यांतल्या भाग्यश्री जाधव. आटपाडी तालुक्यांतील करगणीचे सचिन खिलारी यांनीं गोळा १६.३२ मीटर फेंकून रौप्यपदक घेतलें, सुवर्णपदक १६.३८ मीटरला गेलें. सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटांची रुंदी. त्या तीन-चार बोटांविषयीं कोणी एक रकाना लिहिला असता तर वाचायला मजा आली असती.

येथें एक शंका येते. ही वेगळी स्पर्धा कशाला? बरोबरीचे म्हणतां तर एकाच मैदानांत उतरा कीं! हा प्रश्न विचारणाऱ्याला आखाडा माहीत नसावा. सन २०२३ च्या नोव्हेंबरांत आपल्या धाराशिव शहरांत महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, शिवराज राक्षे यांनीं हर्षवर्धन सदगीर यांना हरवून गदा नेली. तेथें काय सगळे पैलवान एकमेकांवर सोडून दिले होते? वजनें झालीं, गट पडले, मग कुस्त्या लागल्या. जत्रेच्या फडांत तर वजनकांटाहि नसतो, तरी वस्ताद गड्याचा खांदा चांचपून, मांडी पाहून जोड लावतो. सत्तर किलोच्या गड्याची जोड नव्वद किलोच्या गड्याशीं लावली नाहीं म्हणून त्याला कोणी पांगळा म्हणत नाहीं, आणि त्याची जिंकलेली कुस्ती खोटी ठरत नाहीं. अपंगांच्या स्पर्धेंतले वर्ग म्हणजे हीच जोड. ज्याला आपल्या जोडीबाहेर जाऊन मोठ्या गड्याशीं हात मिळवायचा आहे त्यानें मिळवावा. फडांत तसा गडीहि निघतो, व तो निघाला कीं त्याची कुस्ती त्याच नियमानें धरावी.

पण अलीकडे फडांत काय दिसतें? एखादा एका हाताचा गडी लंगोट कसून उतरला कीं चहूंकडून मोबाईल वर होतात. समोरच्या पैलवानाची पंचाईत होते. पाडावें तर लोक निर्दय म्हणतील, पडावें तर जन्मभर हंसतील. मग दोघे थोडेसे झुलतात, पंच मधें पडून कुस्ती सोडवितात, दोघांना फेटे बांधतात, आणि संध्याकाळपर्यंत तें चित्र हजारों लोकांच्या हातांत जातें. कुस्ती मात्र झालेलीच नसते! त्या एका हाताच्या गड्यानें वर्षभर मेहनत केलेली असते ती फेट्यासाठीं नव्हे. त्याला आपला डाव बसतो कीं नाहीं हें पाहायचें असतें, आणि तेवढेंच त्याला कोणी पाहूं देत नाहीं.

हरियाणाचे वीरेंदर सिंग हे पैलवान मुके-बहिरे आहेत. धडधाकटांच्या मातींत ते वाढले व त्यांत त्यांनीं मोठमोठे गडी पाडले. सन २००२ मध्यें कुमारांच्या जागतिक कुस्तीसाठीं निवडीची लढत त्यांनीं जिंकली, परंतु ऐकूं येत नाहीं या सबबीवर त्यांना पाठविलें गेलें नाहीं. पंचाची शिटी ऐकूं न आली तर पाठीवर थाप मारून थांबवितां येतें, हें कोणत्याहि वस्तादानें सांगितलें असतें. पुढें बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्यें त्यांनीं तीन सुवर्णपदकें जिंकलीं व सन २०२१ मध्यें पद्मश्री घेतली. आणि घेतल्यावर लगेच दिल्लींत रस्त्याकडेला धरणें धरून बसले, कीं बहिऱ्या खेळाडूंना इतर अपंग खेळाडूंइतकें बक्षीस व हक्क द्या. 'गूंगा पैलवान' हें नांव देशभर झालें. ती शिटीची सबब कोणीं काढली व तो नियम आज कोठें आहे, याचा पाठपुरावा करणारे बातमीदार किती निघाले?

नियमांची चर्चा ही खरी बातमी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यांतहि करतां येते. धाराशिव हें खो-खोचें माहेर. येथल्या सारिका काळे यांना सन २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि पोरीबाळी आजहि मैदानावर पळत आहेत. आतां पाहा, खो द्यायचा तो मागून पाठीला हात लावून व तोंडानें 'खो' म्हणून. बहिऱ्या मुलीला शब्द ऐकूं आला नाहीं तरी हात लागलेला कळतो. मग ती पाटींत कां बसूं नये? कबड्डींत अडचण आहे. चढाई करणाऱ्यानें तोंडानें दम घातला पाहिजे, मुका मुलगा तो कसा घालील? पण पकड करायला जीभ लागत नाहीं. कोपरा धरून तो उभा राहिला तर समोरच्या चढाईबहाद्दराला त्याचा मुकेपणा कळायच्या आधीं घोट्याची पकड कळेल. अशा साध्या गोष्टी खेळशिक्षकांनीं व पंचांनीं बसून ठरवाव्यात, आणि काय ठरलें तें वर्तमानपत्रांनीं छापावें.

परदेशांतहि हे वाद चालूच आहेत. जर्मनीचे मार्कुस रेम यांनीं कृत्रिम पायानें सन २०१४ मध्यें आपल्या देशाच्या खुल्या स्पर्धेंत ८.२४ मीटर लांब उडी मारून धडधाकटांना हरविलें. तेव्हां त्या पात्याच्या पायाचा फायदा मिळतो अशी शंका घेऊन युरोपच्या स्पर्धेच्या संघांतून त्यांना वगळलें. बरोबर झालें कीं चूक, यावर तज्ज्ञांनीं मोजमापें घेऊन वाद घातला. आम्हांला वाटतें, ज्या दिवशीं एखाद्या अपंग खेळाडूवर 'याला गैरफायदा मिळतो' असा आक्षेप येतो, त्या दिवशीं लोक त्याला खेळाडू म्हणून भिऊं लागले असें समजावें. दक्षिण आफ्रिकेची एका पायाची जलतरणपटु नताली दु त्वा सन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकांत दहा किलोमीटर पोहली व सोळावी आली. सोळावी, हीहि बातमीच आहे. सोळाव्या क्रमांकावर आलेल्या धडधाकट बाईविषयीं जितकें लिहाल तितकें तिच्याविषयीं लिहा.

आतां आमच्यावर उलटून एक आक्षेप येईल व तो खोटा नाहीं. दुःखाची गोष्ट छापली नाहीं तर मदत कोण करणार? आंकड्यांना पाहून कोणी खिशांत हात घालीत नाहीं. यावर विदर्भाच्या अंध जलतरणपटु कांचनमाला पांडे यांचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. सन २०१७ मध्यें बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या असतां सरकारी मदत वेळेवर हातीं न पडल्यामुळें परक्या मुलुखांत त्यांना उसनवारी करावी लागली. ती बातमी छापून आली, ओरड झाली, मंत्र्यांनाहि उत्तर द्यावें लागलें. आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत मेक्सिको येथें त्यांनीं जागतिक सुवर्णपदक मिळविलें. ही बातमी आम्हांला हवी तशी होती. तिच्यांत आंधळेपणावर उसासे नव्हते. मंजूर झालेला पैसा वेळेवर कां पोंचला नाहीं हा रोखठोक सवाल होता. दुःखच छापायचें असेल तर हें छापा. पोहण्याचा तलाव किती कोसांवर आहे, एस. टी.च्या पायऱ्या किती उंच आहेत, अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं आईची किती दिवसांची मजुरी बुडते, क्रीडासंकुलाच्या दाराशीं उतार आहे कीं नाहीं. सन २०१६ च्या कायद्यानें अपंगांना खेळांत भाग घेतां यावा म्हणून सोयी करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. तो कायदा तालुक्याच्या मैदानापर्यंत आला कीं नाहीं हें पाहायला बातमीदाराला विमानाचें तिकीट लागत नाहीं.

परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या करमाळ्याचे सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणीं विजेच्या धक्क्यानें गेले. त्यांनीं सन २०१८ मध्यें जकार्ता येथें अपंगांच्या आशियाई स्पर्धेंत ५० मीटर पोहण्यांत सुवर्णपदक जिंकलें, सन २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविला. विजेच्या तारेनें भाजलेलीं पोरें आपल्या तालुक्यांतहि आहेत. पोहायला विहिरी आहेत, पाऊस बरा झाला तर तळींहि भरतात. त्या पोरांच्या बापांना 'करमाळ्याचा एक चमत्कार' असें सांगून कांहीं उपयोग नाहीं. हात नसतां माणूस पाण्यांत तोल कसा सांवरतो, पायांचा मारा कसा करतो, शिकायला किती महिने लागतात, पहिल्या दिवसांत कोण बरोबर उतरलें पाहिजे, हें कोणीतरी करमाळ्याला जाऊन विचारून लिहावें. बापाला तेवढें पुरे आहे. दोर घेऊन विहिरीच्या कांठावर उभा राहायला तो तयार होईल.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं, गल्लींत, अगर शाळेंत असा मुलगा अगर मुलगी असेल, जी बरोबरीच्यांत उतरून खेळते, तिचा निकाल आमच्याकडे पाठवावा. खेळ कोणता, मैदान कोणतें, समोर कोण होतें, किती गुण अगर किती अंतर, जिंकली कीं हरली, शिकविणारे गुरुजी कोण, हें सर्व स्पष्ट अक्षरांत लिहावें. हरलेल्या सामन्यांचेहि निकाल घेऊं. हात नाहीं कीं पाय नाहीं कीं डोळा नाहीं तें शेवटीं एका ओळींत लिहिलें तरी चालेल. जागा अपुरी पडली तर तीच ओळ आम्ही गाळूं.